पाठीवरची गाठ आणि भट्टीचा हंगाम

बाळ बघायला आलेली माणसं तोंड बघतात, बोटं मोजतात, मुलगा की मुलगी ते विचारतात. पाठ कुणी बघत नाही. आमच्या जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात बाळ एकदा जुन्या लुगड्यात गुंडाळून आईच्या पोटाशी दिलं की दोन-दोन दिवस कुणी ते उलगडत नाही. गारठा लागेल म्हणून. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, ऊब हवीच. पण कण्याशी गाठ घेऊन जन्मलेलं मूल या दिवसांत तसंच झाकलेलं राहतं.

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात डॉक्टर आहे. पदवी बीएएमएस, नेमणूक कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी नवा आदेश. भाड्याची एक गाडी, मी, माझे सहकारी डॉक्टर, औषधनिर्माता आणि नर्सताई. अंगणवाड्या वर्षातून दोनदा तपासायच्या, शाळा एकदा. हा कार्यक्रम देशात पहिल्यांदा सुरू झाला तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरलाच. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आमचा वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. आमच्या यादीत तीस आजार आहेत आणि जन्मजात व्यंगांत पहिलंच नाव मज्जारज्जूची नळी नीट न मिटल्याच्या दोषाचं आहे. पाठीच्या मऊ भागांत उगवणाऱ्या गाठींना यादीत वेगळी ओळ नाही. त्या तेवढ्या दुर्मिळ आहेत. नवजातांत त्यातल्या त्यात जास्त दिसते ती माकडहाडापाशी येणारी टेराटोमा, तीही पस्तीस-चाळीस हजार जन्मांत एखादी. २०११ च्या जनगणनेत आमच्या दोन्ही तालुक्यांची मिळून वस्ती सव्वादोन लाखांच्या आत भरली. हिशेबाने अशी गाठ इथे कैक वर्षांतून एकदा यावी. माझ्या वाट्याला हिशेबापेक्षा जास्त आल्या. कदाचित बघायची सवय लागली म्हणून.

पाठीवर दिसतं ते सगळं काही आजार नसतो, हे आधी सांगायला हवं. माकडहाडावरचे निळसर डाग आपल्याकडच्या बहुतेक बाळांना असतात. ते मार लागल्यासारखे दिसतात, म्हणून आजी सुईणीला बोल लावते. ते डाग आपोआप फिके होतात. ढुंगणाच्या फटीतली छोटी खळीही सहसा निरुपद्रवी असते. मात्र कण्याच्या मधोमध केसांचा झुबका, फुगीर मऊ उंचवटा, लालसर चट्टा, कातडी नसलेला ओला भाग किंवा फटीच्या वर असलेली खोल खळी दिसली, की आत काही तरी आहे असं धरून चालायचं. मणक्यांच्या आत चाललेल्या गोष्टीची वरची खूण बहुधा एवढीच असते.

पहिली गाठ मी फोनवर ऐकली. श्रावणातला पाऊस, खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावरची आशाताई, रेंज येत-जात. “मॅडम, पोरीला ढुंगणाशी मोठी गाठ हाय. वरून कातडी हाय. फुटेल नाय.” कातडी आहे आणि फुटलेली नाही, या दोन गोष्टी तिने न विचारता सांगितल्या, याचं मला आजही कौतुक वाटतं. घरी झालेलं बाळंतपण होतं. अशा बाळाकडे आशाने पहिल्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सात भेटी द्यायच्या असतात. आमचं पथक मात्र सहा आठवड्यांच्या पुढची मुलं तपासतं. त्याआधीचं सगळं बघणं आशाताईच्या आणि प्रसूती होते तिथल्या नर्सच्या डोळ्यांवर चालतं. या आजारात तेच दिवस मोलाचे असतात.

का, ते आकड्यांत सांगते. अमेरिकेत आल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये माकडहाडापाशी येणाऱ्या टेराटोमांचा मोठा आढावा छापला. दोन महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलींच्या सात टक्के आणि मुलांच्या दहा टक्के गाठींत कर्करोग निघाला. दोन महिन्यांनंतर तेच प्रमाण मुलींत अठ्ठेचाळीस आणि मुलांत सदुसष्ट टक्के. त्यात एक मेख आहे: उशिरा सापडणाऱ्या गाठी बऱ्याचदा आतल्या बाजूला वाढलेल्या, बाहेरून न दिसणाऱ्या असतात. तरी घाई करायला एवढं पुरेसं आहे. ही गाठ दुखत नाही. बाळ पितं, झोपतं, वजन वाढतं. घरच्यांना घाई वाटावी असं काहीच घडत नाही.

त्या मुलीला आधी भगताकडे नेलं होतं. भगताने गाठ पाहिली आणि कोंबडं घेतलं नाही. “हे माज्या हातचं नाय, दवाखान्यात न्या,” म्हणाला. त्याच्या त्या वाक्याने जे झालं ते आमच्या तासभराच्या समुपदेशनाने झालं नसतं. आमच्या प्रशिक्षणांत भगत म्हणजे अडथळा असाच सूर असतो. तेव्हापासून मी पाड्यावर गेले की भगताच्या घरी चहा घेते आणि आमच्याकडची व्यंगांच्या फोटोंची पुस्तिका त्यालाही दाखवते. काही जण हसतात, काही नीट बघतात.

निघण्याआधी आजीने विचारलं, “जुळं हुतं काय? एक आतच राह्यलं?” मी हो म्हटलं नाही आणि हसलेही नाही. गर्भाच्या अगदी सुरुवातीला अशा पेशी असतात ज्यांच्यापासून शरीराचा कुठलाही भाग होऊ शकतो. त्यातल्या काही शेपटीच्या टोकाशी मागे राहतात आणि आपल्या मनाने वाढू लागतात. म्हणून या गाठीत केस सापडतात, कूर्चा सापडते, कधी दातही. डॉक्टरांनीही एके काळी जुळ्याचा अंदाज केला होता. आजी फार लांब नव्हती.

मुंबईत शस्त्रक्रिया ठरली तेव्हा दुसरा प्रश्न वडिलांचा. “माकडहाड काढणार म्हणतात. मग पोर बसंल कशी?” बसते. चांगली बसते, चालते, धावते. पण ते हाड ठेवून नुसती गाठ काढली तर ती परत उगवण्याची शक्यता फार वाढते, हे बॉस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९५१ मध्येच दाखवून दिलं होतं. मी जमिनीवर काडीने कणा काढला, टोकाचं हाड दाखवलं, गाठ तिथून कशी निघते ते दाखवलं. वडील शेतात मुळं खणणारे. मूळ ठेवलं तर काय होतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. लगेच हो म्हणाले.

यात सगळ्यात जास्त वेळ कागदांनी खाल्ला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसतो, पण बाळाचा जन्मदाखला लागतो आणि आईबापांचं रेशनकार्ड. घरी जन्मलेल्या बाळाची नोंद एकवीस दिवसांत ग्रामपंचायतीत व्हायला हवी. इकडे बाळाचं बारसं व्हायचं असतं. आमच्याकडे लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून कितीतरी जोडपी विधी न करता संसार करतात, लग्न पुढे कधी तरी, पोरं मोठी झाल्यावर. त्यामुळे आईचं नाव तिच्या बापाच्या कार्डावर आणि नवऱ्याचं त्याच्या बापाच्या. शहरातल्या काउंटरवर हे समजावणं शस्त्रक्रिया समजावण्यापेक्षा अवघड जातं. आता मी गाठ दिसल्या दिवशीच ग्रामसेवकांना फोन करते. गाडी नंतर सांगते, दाखला आधी.

जायचं कसं हाही प्रश्न असतो. रुग्णवाहिका मिळते, जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय, मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय, तिथून पुढे त्र्यंबकच्या घाटाने नाशिक किंवा खाली ठाण्या-मुंबईकडे. पण परत येताना आणि पुढच्या प्रत्येक तारखेला माणसं आपल्या पैशाने जातात. खोडाळ्याहून विहीगावमार्गे कसारा, कसाऱ्याहून लोकलने दादर, तिथून परळ. परळला वाडिया, केईएम आणि टाटा ही तिन्ही रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. मोखाड्यातल्या कोचाळ्याच्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी रोज मुंबईला पोचतं. त्याला तिकीट पडत नाही.

त्या मुलीची गाठ महिन्याच्या आत निघाली. तपासणीत कर्करोग नव्हता. मग डॉक्टरांनी सांगितलं की तीन वर्षं दर तीन महिन्यांनी यायचं. बोटाने तपासायचं, सोनोग्राफी, आणि रक्तातलं एएफपी हे अशा गाठीची खूण देणारं प्रथिन बघायचं. एएफपी ही चाचणीही एक परीक्षाच आहे, कारण नवजात बाळात तो आकडा मुळातच हजारोंत असतो आणि पहिल्या वर्षात हळूहळू उतरतो. पहिला अहवाल पाहून गावातल्या कुणी शिकलेल्या मुलाने मोबाइलवर शोधलं आणि घरच्यांना सांगितलं की कॅन्सर आहे. दोन दिवस त्या घरात चूल नीट पेटली नाही. आकडा किती आहे त्यापेक्षा तो उतरतो आहे का हे बघायचं, एवढं एकच वाक्य डिस्चार्ज कार्डावर मराठीत असतं तर तो त्रास वाचला असता.

दिवाळी झाली आणि ते कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलं. इथे मला जे उमगलं त्याने माझं काम बदललं. स्थलांतर म्हणजे उपचार तुटणं, हे आमच्या बैठकांत इतक्या वेळा म्हटलं जातं की ते खरं की खोटं कुणी तपासत नाही. नकाशा काढून बसले तेव्हा दिसलं की भिवंडीची भट्टी परळला मोखाड्यापेक्षा कितीतरी जवळ आहे. पाड्यावरून जायचं तर दोन दिवस मोडतात, भट्टीवरून एक. पाठपुराव्याच्या दृष्टीने भट्टीचे महिने हे वर्षातले सोपे महिने असू शकतात. अट एकच, भट्टीवर कुणाला तरी तारीख माहीत हवी आणि त्या दिवशी आईला सोडायला हवं.

ते सोडणं मात्र सोपं नाही. भट्टीवर मजुरीचा दर हजार विटांमागे असतो आणि काम नवरा-बायकोच्या जोडीचं. एक जण गेला की जोडी मोडते आणि विटा निम्म्याही पडत नाहीत. पावसाळ्यात घेतलेला बयाणा या विटांतून फेडायचा असतो. आठवड्याची खर्ची शेठ देतो आणि हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. दवाखान्याचा एक दिवस म्हणजे कर्ज एक दिवस लांबणं. मी मुकादमाला फोन केला. त्याने आधी उडवून लावलं, मग कशी कोण जाणे त्याच्या बायकोने फोन घेतला आणि म्हणाली, “तारीख सांगा, मी लक्षात ठेवते.” तीन हंगाम त्या बाईने तारखा सांभाळल्या. तिला कुठल्या योजनेत मानधन नाही.

दुसरी गाठ मला अंगणवाडीत भेटली, तीन वर्षं उशिरा. जव्हार तालुक्यातली मुलगी, चुणचुणीत, पण सेविकाताई तिला नेहमी दाराशी बसवायच्या, कारण तिची चड्डी कायम ओली. “सवयच नाय लागत हिला,” त्या म्हणाल्या. मी फ्रॉक वर केला. कमरेच्या खाली मधोमध मऊ, चरबीचा उंचवटा, वर कातडी अगदी छान. डावा पाय उजव्यापेक्षा बारीक, टाच उचललेली. आईने सांगितलं की गाठ जन्मापासून आहे, एका ठिकाणी दाखवलीही होती, “चरबी हाय, काय नाय,” असं सांगून परत पाठवलं होतं.

चरबीच होती, खोटं नव्हतं. पण अशा गाठीची चरबी मणक्यांतल्या फटीतून आत जाते आणि मज्जारज्जूला चिकटते. मूल उंच होतं तसा रज्जू आत वर सरकायला हवा. तो खाली बांधला गेला असेल तर ताणला जातो. बऱ्याचदा आधी लघवीवरचा ताबा जातो, मग पायाची ताकद. गाठ वरून तशीच दिसते आणि मूल तिच्याभोवती अधू होत जातं. शस्त्रक्रियेने रज्जू सोडवला की पुढचं नुकसान थांबवता येतं, गेलेलं परत मिळेलच असं नाही. त्या मुलीचा पाय आणखी बारीक झाला नाही. लघवी मात्र तिची आई आजही ठरावीक वेळेला नळी घालून काढते, हात स्वच्छ धुऊन, घड्याळ नसताना सूर्याकडे बघून. हे काम ती माझ्यापेक्षा सफाईने करते. शाळेत कोण करणार, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

मज्जारज्जूची नळी उघडी राहिल्याने होणाऱ्या व्यंगांचं एक वेगळं आहे, ती बऱ्याच अंशी टाळता येतात. नळी गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटते. तोपर्यंत आमच्याकडच्याच काय, पुण्यातल्या बाईलाही दिवस गेल्याचं कळलेलं नसतं. म्हणून फोलिक ॲसिड आधीपासून पोटात हवं. ज्यांचं आधीचं मूल असं जन्मलं त्यांनी आधीपासून मोठ्या मात्रेत ते घेतलं तर पुन्हा तसं होणं सत्तर टक्क्यांहून जास्त कमी होतं, हे १९९१ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी सिद्ध केलं. शाळेत मुलींना दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी यासाठीही उपयोगी आहे. ती गोळी खिडकीबाहेर जाते हे मला माहीत आहे. उपाशीपोटी घेतली की मळमळतं म्हणून जाते. मुली काही मूर्ख नाहीत. गोळी दुपारच्या जेवणानंतर द्या, हे मी प्रत्येक शाळेत सांगते. गाठींवर मात्र अशी गोळी नाही. त्या कुणी काही खाल्लं-न खाल्लं म्हणून होत नाहीत, आणि आईला हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर सासरी ग्रहणाचा विषय निघतो.

तिसऱ्या बाळाबद्दल लिहायचं की नाही, यावर बरेच दिवस घालवले.

मुलगा होता, दवाखान्यात जन्मलेला. पाय उचलून सोडले की तसेच पडतात, हे तिथल्या नर्सच्या लक्षात आलं. कण्याच्या एका बाजूला लालसर-निळी, घट्ट गाठ. पुढे पाठवलं, पण घरचे वाटेत एका खाजगी दवाखान्यात थांबले. तिथे गळू समजून चिरा दिला गेला. पू आला नाही, रक्त आलं, आणि थांबेना. मुंबईला पोचेपर्यंत बाळ पांढरं पडलं होतं. बाळाच्या कण्यावरची कुठलीही गाठ एमआरआय होईपर्यंत सुईने, ब्लेडने, काट्याने उघडायची नसते, हे मी तेव्हापासून ओरडून सांगते. डॉक्टरांनाही सांगते.

तुकडा तपासून नाव आलं: इन्फन्टाइल फायब्रोसार्कोमा. तंतूंतून उगवणारा, बहुधा पहिल्या वर्षातच दिसणारा कर्करोग. नाव भयंकर आहे, पण मोठ्या माणसांतल्या त्याच नावाच्या रोगापेक्षा तो कितीतरी सौम्य वागतो. दूर पसरणं कमी, आणि व्हिन्क्रिस्टीन, ॲक्टिनोमायसिन या जुन्या औषधांना बऱ्याचदा दाद देतो. त्याच्यामागचा जनुकांचा बिघाड १९९८ मध्ये सापडला, आणि नेमका तोच बिघाड रोखणारी गोळी २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. तिची किंमत इथे सांगण्यात अर्थ नाही. जुनी औषधं मोफत मिळत होती आणि त्यांनी काम केलं. गाठ आक्रसली. एक पाय थोडा हलू लागला.

मग आवणी आली. घरी दोन मोठी मुलं म्हाताऱ्या आईपाशी, त्यातलं एक तापाने आजारी. वडील एकटे भात लावू शकत नव्हते. मुंबईत राहायला जागा मिळाली होती, जेवण मिळत होतं, सगळे चांगले वागत होते. हे वडिलांनीच मला सांगितलं, कुणाबद्दल तक्रार नाही. “पण मॅडम, तिकडं एक जगवायचा, तर इकडं चार काय खातील?” मी आणि आशाताई अनेकदा त्या घरी गेलो. दर वेळी पुढच्या सोमवारी जातो म्हणाले. दिवाळीनंतर घराला कडी होती. बाळ भट्टीवर गेलं. नोंदीत कारण लिहिलं आहे: ताप.

त्या वडिलांना अडाणी म्हणणारे लोक मी बैठकीत ऐकले आहेत. माझं मत तसं नाही. त्यांनी हिशेब केला, आणि त्यांच्यापुढे मांडलेल्या आकड्यांत तो बरोबर होता. आवणीचे पंधरा दिवस दोन मजूर आणि घरच्या मुलांकडे बघायला कुणी, एवढं मिळालं असतं तर आकडे बदलले असते. शस्त्रक्रियेला योजना आहे, केमोला आहे, रुग्णवाहिकेला आहे. मागे राहिलेल्या घराला नाही.

आता माझ्या वहीत प्रत्येक अशा मुलाच्या नावापुढे दोन पत्ते असतात, पाड्याचा आणि भट्टीचा, आणि तीन फोन: आशाताई, मुकादम, आणि घरातली जी बाई वाचू शकते तिचा. दिवाळीच्या आधी पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा आम्ही लिहून देतो. सगळे जातात असं नाही. पूर्वीपेक्षा जास्त जातात.

आशाताईंना, नर्सताईंना वेगळं सांगायची गरज नाही, त्या आता बाळ पालथं करून बघतात. सांगायचं आहे ते भिवंडी, वसई, पनवेलकडच्या भट्टीमालकांना आणि मुकादमांना. जव्हार-मोखाड्याची जोडी कामावर येते तेव्हा तिच्या बोचक्यात मुंबईच्या रुग्णालयाची फाइल आहे का, ते विचारा. असेल तर तिच्यावरची पुढची तारीख वाचून घ्या, कारण जोडीतल्या दोघांनाही ती वाचता येत नसेल. तीन महिन्यांतला एक दिवस असतो. त्या दिवशी आईला सोडा आणि खर्ची कापू नका.